परातभर पाणी

एसटीनं संभाजीनगरहून पैठणला जाताना अण्णा कायम डाव्या बाजूची खिडकी धरायचे. सकाळचं ऊन त्याच बाजूनं येतं, तरीही. उजव्या अंगाला, ढोरकीनच्या पुढं, शेतांच्या आड नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पसरलेला आहे. रस्त्यावरून बहुतेक ठिकाणी पाणी दिसतसुद्धा नाही. दिसतो तो ऊस आणि मोसंबीच्या बागा. पण अण्णांची मान तिकडं वळायची नाही. लहानपणी मला वाटायचं, यांना उन्हात बसायला आवडत असेल.

यंदाच्या जानेवारीत तेच म्हणाले, "बाई, मला ती पाखरं दाखव एकदा."

कारण घडलं ते एका फोटोमुळं. गेली सात-आठ वर्षं मी थंडीत जायकवाडी पक्षी अभयारण्यात जाते. पहाटे निघते, दुपारी जेवायला घरी. डिसेंबरात काढलेला एक फोटो मी अण्णांना दाखवला: पाण्याच्या कडेला ओळीनं उभे असलेले पट्टकदंब हंस. अण्णांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, हंस कडेला सारले आणि मागं धुरकट दिसणाऱ्या टेकाडाच्या रेघेवर बोट ठेवलं. "हे आपलं टेकाड हाय. याच्या पायथ्याला आपली साडेतीन एकर."

त्या टेकाडासमोर मी पाच-सहा वेळा तरी दुर्बीण लावून उभी राहिले असेन. २०१९ च्या मे महिन्यात, धरण आटलं तेव्हा, याच अण्णांबरोबर कोरड्या तळातून चालत जुन्या गावठाणापर्यंतही गेले होते. पण ते पलीकडच्या अंगानं. पाणी भरल्यावर तीच जागा मला ओळखता आली नव्हती. अण्णांना एका रेघेवरून आली.

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. बिडकीनला चहा. ढोरकीनच्या पुढं गाडी उजवीकडं वळवली तसे अण्णा जरा सावरून बसले. रस्ता आधी डांबरी, मग खडीचा, मग नुसती चाकोरी. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली. शेवटी अभयारण्याचा गंजलेला फलक आणि त्याच्यापुढं बाभळी, बेशरमाची झुडपं, आणि धुकं. पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं, म्हणजे पाण्यावरचा गलका ऐकू आला. हजारो गळ्यांचा एकच घोगरा, अखंड आवाज. आठवडी बाजार लांबून ऐकू यावा तसा.

अण्णांनी विचारलं, "ही सगळी पाखरंच का?"

आमचं गाव गोदावरीच्या काठाला होतं. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आमची काळी आणि पांढरी दोन्ही पाण्याखाली गेली. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. शंभराहून जास्त गावांचं हेच झालं. काही गावांनी नाव बरोबर नेलं आणि त्याच्या मागं 'नवीन' लावलं. काठावर जिथं थोडं उरलं तिथं 'जुने' लागलं. या भागातल्या पाट्यांवर 'जुने' आणि 'नवीन' वाचताना बाहेरच्या माणसाला त्यात काही वाटत नाही.

धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. माझे आजोबा बैलगाडी जुंपून त्यांना बघायला पैठणला गेले होते. स्वतःची जमीन जाणार हे माहीत असून गेले होते, आणि परत येताना खुशीत होते, असं अण्णा सांगतात. मराठवाड्याला पाणी मिळणार ही गोष्टच एवढी मोठी होती. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि या धरणामागं त्यांनी आपलं सगळं वजन लावलं होतं. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. म्हणजे ज्या गावाचं नाव धरणाला आहे ते बुडालं नाही, आणि जी बुडाली त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. डावा कालवा २०८ किलोमीटर, थेट परभणीपर्यंत. उजवा १३२ किलोमीटर, बीडकडं. "आपलं गेलं, पण खालच्यायचं भिजलं," असं आजोबा म्हणायचे म्हणे. आजी यावर काही बोलायची नाही. ती पांढरीतून निघताना जातं घेऊन आली होती. उखळ मात्र जमिनीत पुरलेलं, ते तिथंच राहिलं. ते राहिल्याचं ती मरेपर्यंत सांगायची.

नाथसागर समजायचा तर शेजारी कोयना ठेवून बघावी. कोयनेत सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, जायकवाडीत जवळपास १०२. म्हणजे पाणी जवळजवळ सारखंच. पण कोयनेचा जलाशय सह्याद्रीच्या दऱ्यांत खोल बसलेला आहे, त्याचा पसारा ११५ चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या नाथसागराचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर, कोयनेच्या तिप्पट. तेच पाणी एकीकडं घागरीत भरलंय आणि दुसरीकडं परातीत ओतलंय. म्हणूनच मातीचा बांध जवळजवळ दहा किलोमीटर लांब घालावा लागला. म्हणूनच एवढ्या गावांच्या जमिनी गेल्या. म्हणूनच उन्हाळ्यात परातीतलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाफ होऊन जातं. आणि म्हणूनच पाखरं येतात.

हे शेवटचं मला फार उशिरा कळलं. पक्षी पाण्यावर येतात असं आपण सहज म्हणतो, पण खोल पाणी बहुतेकांच्या कामाचं नसतं. त्यांना लागतो उथळ काठ, जिथं तळाला उजेड पोचतो, पाणगवत उगवतं, गाळात अळ्या आणि शिंपले धरतात. गोदावरीनं हजारो वर्षं पूर आणून इथं मळई पसरली. सपाट, काळी, कसदार. नदीच्या त्या मळईवर आमच्या वाडवडलांनी गाव वसवलं ते जमिनीला कस होता म्हणून, आणि हा कस आजही पाण्याखाली संपलेला नाही. आमचं पोट भरायचं त्याच मातीवर आता या पाखरांचं भरतं. धरण झाल्यावर दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, या पाण्याला अभयारण्य म्हणून जाहीर केलं गेलं, तेही उगाच नव्हे. पाखरं तोवर आपणहून आली होती.

धुकं विरळ झालं तसा काठ दिसायला लागला. पाऊस चांगला झाला होता, धरण भरलेलं होतं, तरी दिवाळीपासून पाणी थोडं मागं सरकलेलं. उतार इतका मंद की पाणी एक हात उतरलं तरी जमिनीचा भलामोठा पट्टा उघडा पडतो. त्या ओल्या पट्ट्यात, आणि मग वीतभर, हातभर, कमरेइतक्या पाण्यात, जो तो आपापल्या पायाच्या उंचीनं आणि चोचीच्या लांबीनं जागा धरून होता. चिखलात तुतवार, सुईसारख्या चोचीनं टाके घालत. त्यांच्या पुढं शेकाट्या, पाय इतके लांब आणि तांबडे की अंग त्यांच्यावर ठेवून दिल्यासारखं वाटावं. मग थापट्या बदकं, पळीसारखी चपटी चोच पाण्यावरून फिरवत, साय काढावी तशी. त्यांच्या पलीकडं तलवार बदकं डोकं पाण्यात खाली आणि टोकदार शेपटी वर, अशी उलटी उभी. आणि आणखी पुढं, जिथं पाणी एकदम गडद दिसत होतं, तिथं पाणकावळे बुड्या मारत होते.

लांब एक गुलाबी रेघ होती. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. अण्णांना दुर्बीण लावून दिली. रोहित चोच उलटी धरून खातो. वरची चोच खाली, खालची वर, आणि जिभेनं पाणी आत ओढून कडेच्या दातेऱ्यांतून गाळून बाहेर टाकतो. मधूनच एका जागी पाय नाचवत गाळ ढवळतो. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "आपण भाताचं पाणी निवळतो तसं करतंय की हे," म्हणाले.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. गेल्या काही वर्षांत रविवारी इथं गर्दी होते, आणि रोहित उडताना फोटो चांगला येतो म्हणून माणसं त्यांच्याकडं धावत जातात, ओरडतात, कोणी ड्रोन सोडतं. लांबून आलेला पक्षी इथं चार महिन्यांत अंगावर चरबी चढवतो आणि तिच्या जोरावर परत जातो. त्याला दिवसातून दहा वेळा उठवलं तर तो खाणार कधी? फोटो मीही काढते. पण पाखरू आपल्यामुळं उडालं तर त्या दिवशी काहीतरी चुकलं, असं मी धरते. ज्या पाण्याच्या नावातच 'अभय' आहे तिथं एवढं तरी पाळता यायला हवं.

हंस टेकाडाच्या पायथ्याशी होते. फोटोत होते तिथंच.

पट्टकदंब ओळखायला सोपा. पांढऱ्या डोक्यामागं दोन काळे आडवे पट्टे, अंग राखाडी, पाय आणि चोच पिवळसर. उन्हाळ्यात हे लडाख, तिबेट, मंगोलियाकडं घरटी करतात आणि थंडीला हिमालय ओलांडून खाली येतात. यंत्र बांधून माग काढलेल्या एका हंसाची ७,२९० मीटर उंचीची नोंद झालेली आहे. तिथली हवा एवढी विरळ असते की आपल्याला चार पावलं चालणं जड जाईल. यांच्या रक्ताचीच घडण अशी की ते त्या हवेतला प्राणवायूही धरून ठेवतं. हे सगळं मी अण्णांना सांगत होते. ते मान हलवत होते, पण बघत होते दुसरंच.

"हे तर चरतेत," ते म्हणाले. "मेंढरावानी."

खरंच चरत होते. उघड्या पडलेल्या पट्ट्यात कोणीतरी गाळपेर केलं होतं. ज्यांच्याकडं गाळपेर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: धरणाचं पाणी ओसरेल तसतशी जी जमीन मोकळी होते तिच्यावर नांगरटही फारशी न करता हरभरा, गहू, पुढं टरबूज-खरबूज घ्यायचं. खत लागत नाही, पाणी लागत नाही, ओल आणि गाळ पुरतो. घेणारे बरेचसे त्याच बुडालेल्या गावांतले. एका हंगामापुरती आपली जमीन आपल्याला भेटते, आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्यात जाते.

या वावरात हरभरा होता, चार बोटं वर आलेला. हंस त्याचे शेंडे खुडत ओळीनं पुढं सरकत होते, आणि बांधावर एक बाई हातात तेलाचा रिकामा डबा नि काठी घेऊन उभी होती. अण्णा तिच्याजवळ गेले. दोघांचं आधी गावगाडा-पाहुणपण झालं. कोणाचे, कुठले, कोणाकडं दिलेली. मग ती म्हणाली, दिवसा डबा वाजवला की उठतात, पण चांदण्या रात्री येतात आणि सकाळी बघावं तर निम्मा पट्टा साफ. वाजवून वाजवून हात दुखतात. मारता येत नाही, कायदा आहे, आणि मारावंसं वाटतही नाही, लांबून आलेत म्हणतात. पण बियाणं उसनं आणलंय.

"चांदण्यात चरतेत?" अण्णांनी विचारलं.

"टिपूर चांदणं असलं की रातभर."

अण्णा गप्प झाले. मग त्यांनी वाकून हरभऱ्याचा एक खुडलेला शेंडा बघितला आणि तिला सांगितलं, "हे फुटंल. आम्हीसुद्धा हरभरा खुडूनच घ्यायचो, भाजीला. खुडला की फांद्या धरतो. मुळासगट उपटला तर मात्र गेला." तिनं सगळा पट्टा दाखवला. काही ठिकाणी खुडलेला होता, काही ठिकाणी उपटलेला. दोघंही ओळीनं बघत गेले. तिच्या नुकसानीला काही उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि आजही नाही. एवढं वाटतं, की पाखरं सगळ्यांची असतील तर त्यांच्या चाऱ्याची किंमत एकट्या बाईच्या हरभऱ्यातून जाऊ नये.

परत वळताना अण्णांनी सहज सांगितलं की ती उभी होती तो बांध आमचा.

पाण्याच्या कडेला एक मासेमार थर्माकोलचा चप्पू ओढून काठावर घेत होता. रात्री टाकलेली जाळी उचलून आणली होती. चिलापी, चार-दोन रोहू, एक मरळ. आणि जाळ्यात अडकलेलं एक काळं पाखरू. तो शांतपणे एकेक धागा सोडवत होता. "हे रोज एखादं घुसतं. जाळं फाडतं, पण काय करायचं," म्हणाला. ओला गोळा हातात धरून त्यानं अण्णांपुढं केला.

मी हा पक्षी हजारोंनी पाहिलाय. सकाळी ऐकू येणाऱ्या त्या गलक्यात सगळ्यात जास्त आवाज यांचाच असतो. पण एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. सबंध अंग काळंभोर, मानेवर जरा जास्तच काळं. डोळे गुंजेसारखे लाल. पायाची बोटं लांब, हिरवट, आणि प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी पाकळ्यांसारखी कातडी. बदकासारखा पडदा नाही, प्रत्येक बोटाचं वेगळं वल्हं. ते पाय हवेत चालल्यासारखे हलत होते. आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र टिळा.

"याला काय म्हणतेत?" अण्णांनी विचारलं.

"वारकरी," मी म्हणाले.

अण्णा दर वर्षी नाथषष्ठीला पैठणला पायी जातात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मासेमाराकडं बघितलं, आणि त्या पाखराच्या कपाळावर बोट ठेवलं. ओलं होतं. मग मासेमारानं हात पुढं करून ते पाण्यावर सोडलं. ते आधी पाण्यावरून पळालं, चपचप पाय मारत, आणि मग कुठंतरी दुसऱ्या काळ्या ठिपक्यांत मिसळून गेलं.

मघाशी मे २०१९ चा उल्लेख केला, तो तसाच सोडून चालणार नाही.

त्या वर्षी मृतसाठ्याच्याही, म्हणजे कालव्यात सोडता येत नाही अशा तळाच्या साठ्याच्याही, खाली पाणी गेलं होतं. २०१६ मध्येही गेलं होतं. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पाण्याकडं कधी न बघणारे अण्णा पाणी आटलं की मात्र जायचे. २०१९ ला मला बरोबर नेलं. भेगाळलेल्या तळातून आम्ही सकाळी तासभर चाललो. भेगा एवढ्या की काठी आत जावी. वाटेत शिंपल्यांचे खच, एका जागी सांगाडा होऊन उभं असलेलं चिंचेचं खोड. मग दगडांच्या रांगा लागल्या. अण्णा त्या रांगांतून असे चालायला लागले की जणू भिंती अजून उभ्या आहेत. दाराच्या जागेतूनच आत शिरायचे, भिंत ओलांडायचे नाहीत. "ही वेस. हा मारुतीचा पार. इथून आत आपलं घर."

आणि तिथं उखळ होतं. आजीचं. गाळानं काठोकाठ भरलेलं, वर त्याचीही भेग पडलेली.

अण्णा वाकले तेवढ्यात डोक्यावरून एक टिटवी किंचाळत गेली. पुन्हा वळली, अंगावर आली. मी त्यांचा दंड धरून थांबवलं. उखळापासून दोन हातांवर, पडक्या भिंतीच्या खड्यांत, चार अंडी होती. मातकट रंगाची, काळे डाग, चारही टोकं आतल्या बाजूला, चौफुल्यासारखी मांडलेली. नजर जराशी हलली की दिसेनाशी व्हायची. घरटं म्हणून काही नाही. थोडे खडे, एक खापराचा तुकडा. खापर आमच्याच घरातलं असणार.

आम्ही मागं सरलो आणि लांब जाऊन बसलो. टिटवी चार-पाच फेऱ्या मारून उतरली, तिरकी तिरकी धावत आली, अंड्यांवर उभी राहिली. ऊन चढलेलं होतं. ती बसली नाही, पंख सैल करून नुसती सावली धरून उभी राहिली. टिटवीसुद्धा समुद्र आटवते अशी आपल्याकडं म्हण आहे. तिची अंडी समुद्रानं नेली आणि तिनं तो आटवायचा पण केला, अशी ती गोष्ट. आजी ही म्हण फार वापरायची. तिच्या उखळाशेजारी, आटलेल्या नाथसागरात, खरीखुरी टिटवी उभी होती.

अण्णांना उखळ खणून घरी न्यायचं होतं. त्यासाठी पहारही आणली होती. ती न वापरता आम्ही परत आलो. पुढं कधीतरी येऊ म्हणाले. त्या पावसाळ्यात आमच्याकडं पावसानं ओढ दिली, पण नाशिककडं एवढा कोसळला की ऑगस्टमध्येच धरण भरायला आलं. आपल्या आभाळात ढग नसताना आपलं धरण भरतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला नदी म्हणजे काय हे सांगणं अवघड आहे. तोवर पिल्लं उडाली असणार. टिटवीची अंडी महिन्याच्या आत फुटतात.

वरून येणाऱ्या या पाण्याचं दर वर्षी भांडण असतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं २०१४ मध्ये ठरलं, आणि कमी पावसाच्या वर्षी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा सामना होतो. मी मराठवाड्याची आहे. माझं मत सांगायची गरज नाही. पण त्या भांडणात पिण्याचं पाणी, शेती, कारखाने एवढीच नावं घेतली जातात. वर नांदूरमधमेश्वरला याच गोदावरीवर पाखरांचं दुसरं ठिकाण आहे. २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. दोन्हीकडं नदी एकच. वाटणी करताना काठाची ओल किती टिकेल, गाळ कधी उघडा पडेल, हा प्रश्न कोणीच मांडत नाही. आता जलाशयावर तरंगती सौर पॅनेलं बसवायची मोठी योजना आहे. मासेमारांनी हरित लवादाकडं आणि पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. वीज मलाही हवी आहे. पण पॅनेलं परातीच्या कुठल्या भागावर बसतात यावर सगळं आहे. काठाचं उथळ पाणी झाकलं तर मी त्या सकाळी जे पाहिलं त्यातलं बरंचसं उरणार नाही.

ज्यांच्या नावानं हे पाणी ओळखलं जातं त्या नाथांनी रामेश्वराला वाहायला नेलेली कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट पैठणच्या परिसरात लेकरालासुद्धा पाठ असते. पाणीवाटपाच्या बातम्या वाचताना मला ती दर वेळी आठवते.

दहाच्या सुमाराला ऊन लागायला लागलं आणि हंस उठले. बाईनं डबा वाजवला नव्हता, आपणहून उठले. आधी एक, मग सगळा थवा, घोगऱ्या आवाजात एकमेकांना हाका घालत. आमच्या डोक्यावरून एक वळसा घेतला आणि पाण्यात पार आतल्या बाजूला, चिंचेचं ते खोड जिथं असेल त्या सुमाराला, जाऊन उतरले. अण्णा हाताचा आडोसा करून बघत होते. मग त्यांनी काठीनं हवेतच दाखवलं. "वेस तिथं. पार तिथं. ते हंस बसले ना, त्याच्या जरा अलीकडं आपलं घर."

परतीच्या वाटेवर फारसं बोलणं झालं नाही. बिडकीनला पुन्हा चहा. घरी आल्यावर त्यांनी आधी जालन्याला आत्याला फोन लावला. आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं अण्णा ओरडून बोलतात आणि फोनही मोठ्या आवाजावर ठेवतात.

"अगं आक्का, आपल्या टेकाडाखालच्या वावरात हंस चरायलेत. हंस. हरभरा खातेत."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आत्यानं विचारलं, "हरभरा कसा आलाय?"

"चांगलाय," अण्णा म्हणाले. "चार बोटं वर आलाय."